व्हेनेसा उतरली का?

आमच्या सोसायटीची लिफ्ट बंद पडली तर जिन्यात चिटपाखरू दिसत नाही. पाण्याची मोटर जळाली की निम्मी बिल्डिंग गावाला गेलेली असते. पण सेक्रेटरीच्या लॅपटॉपला काहीतरी झालंय एवढी कुणकुण लागायचा अवकाश. एरवी सर्वसाधारण सभेच्या कोरमसाठी ज्यांच्या बेल दाबून बोट दुखतं, ती सगळी मंडळी दारात चपलांचा ढीग करून माझ्या हॉलमध्ये बसलेली असतात. मोटर दुरुस्त करायची तर वर्गणी काढावी लागते. लॅपटॉपला नुसता सल्ला पुरतो, आणि सल्ल्यावर जीएसटी नाही.

बरं, लॅपटॉप बंद पडला होता असंही नाही. पडला असता तर सरळ दुकानात नेऊन टाकला असता. तो उत्तम सुरू होत होता. हमखास सुरू होत होता, आणि नको असलेलंच घेऊन होत होता. आम्हाला पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करायचं होतं, आणि तो दरवेळी पेनड्राइव्हकडे ढुंकूनही न बघता विंडोज घेऊन हसतमुखाने हजर व्हायचा.

मला कॉम्प्युटरमधलं कळतं असा सोसायटीत समज आहे. त्याचं मूळ एवढंच की एकदा प्रिंटरमध्ये अडकलेला कागद मी भर सभेत, न फाटता, बाहेर काढला होता. त्या एका कागदाच्या जोरावर मी अजून सेक्रेटरी आहे. तेव्हापासून कोणाचा मोबाइल गरम झाला, कोणाचा टीव्ही इंग्रजीत बोलायला लागला, कोणाला गॅसची सबसिडी आली नाही, तरी माझी बेल वाजते. मीही दोन मिनिटं गंभीर चेहरा करून वस्तू उलटीसुलटी बघतो आणि "बंद करून परत चालू करा" म्हणतो. इतक्या वर्षांत या सल्ल्याला कोणी नावं ठेवलेली नाहीत.

लिनक्सचं खूळ शिरलं ते असं. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट थांबवले. विंडोज ११ घ्यावं तर त्याला टीपीएम २.० नावाची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. सोसायटीचा लॅपटॉप सातव्या पिढीतला. त्याला तसा काही आजार नाही. की-बोर्डावरचं एक बटण सोडलं तर अवयव शाबूत आहेत. चुकलं ते एवढंच की जन्म एक पिढी आधी झाला. हे मी कमिटीच्या मीटिंगमध्ये मांडलं तेव्हा सगळे ज्येष्ठ सभासद एकमुखाने लॅपटॉपच्या बाजूने उभे राहिले.

हिंजवडीत नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, "मामा, लिनक्स मिंट टाक. जुन्या मशिनवर झकास चालतं. फुकट आहे."

फोन स्पीकरवर होता. आधीचं कोणालाच कळलं नाही, पण 'फुकट' हा शब्द कोपऱ्यात पेंगणाऱ्या खजिनदारापर्यंत पोचला आणि ठराव एकमताने मंजूर झाला. सूचक चेअरमन, अनुमोदक तिसऱ्या मजल्यावरचे काका. काका हे आमचे सर्वांत जुने सभासद आणि सर्वांत जुने थकबाकीदार. मेंटेनन्स सोडून ते सोसायटीला सगळं देतात. वेळ देतात, सूचना देतात, अनुमोदन देतात.

लिनक्स बसवायचं तर आधी पेनड्राइव्ह हवा, आणि तो पूर्ण पुसला जाणार. घरातल्या खणात बघितलं. एक निघाला तो वॉटरप्रूफिंगवाल्या कंपनीने भेट दिलेला, दोन जीबीचा; त्यात त्यांचीच जाहिरात बसवल्यावर जागा उरत नव्हती. दुसरा चांगला होता. हात घातला तोच मागून आवाज आला.

"अहो, तो नाही. त्यात आपलं लग्न आहे."

"आपण ते कधी बघितलंय?"

"म्हणून काय पुसून टाकायचं?"

यावर उत्तर नसतं. मी पुण्यातली, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांची तपकीर गल्ली गाठली. दुकानदाराने काउंटरवर एक चकचकीत पेनड्राइव्ह ठेवला आणि म्हणाला, "दोन टीबी. साडेचारशे."

"खरंच दोन टीबी आहे?"

"दाखवतं दोन टीबी."

इतका सरळ माणूस मी व्यापारात बघितला नव्हता. त्या पेनड्राइव्हात चिप असते आठ-सोळा जीबीची. तिला 'दोन टीबी' म्हणून सांगायला पढवलेलं असतं आणि खरी जागा संपली की ती आधीच्या फायलींच्या डोक्यावर नव्या फायली लिहीत सुटते. मी सोळा जीबीला सोळाच म्हणणारा एक पेनड्राइव्ह घेतला आणि पावती मागितली. दुकानदाराने तेव्हा पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे नीट पाहिलं.

पुढचं काम डाउनलोड. भाच्याने सांगितलं, "नवं नको. २०२२ चं एकवीस नंबरचं टाक, जुन्या मशिनला जुनंच बरं." आता, मिंटच्या प्रत्येक आवृत्तीला एका बाईचं नाव असतं. विसावी उल्याना, बाविसावी विल्मा, आणि आमची एकविसावी व्हेनेसा. ही माहिती भाच्याने मला आधी द्यायला हवी होती. ती त्याने संध्याकाळी, स्पीकरवर, स्वयंपाकघराच्या दिशेने दिली.

"मामा, व्हेनेसा उतरली का?"

आत मिक्सर थांबला.

"कोण व्हेनेसा?"

"लिनक्स," मी म्हटलं.

"आडनाव आहे का ते? आणि उतरणार कुठे?"

"सोसायटीच्या लॅपटॉपमध्ये."

"चेअरमनना माहितीय?"

"त्यांनीच ठराव मांडलाय."

मिक्सर पुन्हा सुरू झाला, पण त्याचा सूर बदलला होता.

व्हेनेसा सुमारे अडीच जीबीची. ती निवांत उतरत असताना गुरुवार उजाडला. पुण्याबाहेरच्या वाचकांना सांगायला हवं की देखभाल-दुरुस्तीच्या नावाने वीज जायची ती आमच्याकडे गुरुवारी जाते. लॅपटॉपची बॅटरी फुगल्यामुळे मागेच काढून ठेवलेली. त्याचा जीव पिनेत. डाउनलोड नव्वदीत पोचलं आणि पंखा थांबला. पंखा थांबला म्हणजे राउटर थांबला, लॅपटॉप थांबला आणि व्हेनेसा लटकली. वीज आल्यावर ती पुन्हा पहिल्यापासून उतरू लागली.

अखेर ती पूर्ण उतरली, तेव्हा भाचा म्हणाला, "नीट उतरलीय का ते तपास. चेकसम जुळव."

या चेकसमचं तत्त्व चांगलं आहे. एवढ्या मोठ्या फायलीवर गणित करून चौसष्ट अक्षरांची एक ओळ काढतात. तुमच्या फायलीची ओळ आणि मूळ फायलीची ओळ तंतोतंत जुळली पाहिजे. आत एक टिंब जरी इकडचं तिकडे झालं तरी सगळी ओळ बदलते. हे जुळवायचं काम कॉम्प्युटर स्वतः एका क्षणात करतो, असं भाच्याने नंतर सांगितलं. त्या रात्री ते मी आणि बायकोने केलं. मी पडद्यावरून वाचत होतो, ती मोबाइलवर बघत होती.

"सात, ई, शून्य, शून्य, बी..."

"बी की डी?"

"बी. बारामतीचा बी."

"हां. पुढे?"

"डी, दापोलीचा. नऊ. सी, चिपळूणचा. एफ, फलटणचा."

"फलटण पीने सुरू होतं."

"बरं, मग फोंड्याचा."

"तोही पीनेच."

"ई, इगतपुरीचा."

"इगतपुरीला आय."

या ओळीत आकडे आणि ए ते एफ एवढीच अक्षरं असतात, आय आणि पी यांचा तिथे संबंधच नाही, हे सांगायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. महाराष्ट्राच्या नकाशावर एफने सुरू होणारं एकही गाव आम्हाला सापडेना. शेवटी फरसाणावर तडजोड झाली. चौसष्टच्या चौसष्ट अक्षरं जुळली. आमच्या पत्रिका जुळवताना इतकी कसून तपासणी झाली नव्हती, असं ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पेनड्राइव्ह बनवायचा म्हणून चेअरमन स्वतः आले. चेअरमन पाटबंधारे खात्यातून निवृत्त. एमएस-सीआयटीचं सर्टिफिकेट त्यांनी फ्रेम करून हॉलमध्ये लावलंय, तेही देवघरासमोर. फाइल नुसती कॉपी-पेस्ट करून चालत नाही, रुफस नावाचा छोटासा प्रोग्राम लागतो, हे मी त्यांना समजावलं. रुफसने एक प्रश्न विचारला: पेनड्राइव्ह आयएसओ पद्धतीने लिहू की डीडी पद्धतीने? आयएसओपुढे कंसात लिहिलं होतं, 'शिफारस केलेली'.

"शिफारशीचं घेऊ नका," चेअरमन म्हणाले. "शिफारशीने आलेले खात्यात खूप बघितलेत."

डीडी घेतलं. पट्टी हिरवी होत गेली, 'तयार' अशी अक्षरं आली आणि मी चहा सांगायला आत गेलो. डीडी पद्धतीने लिहिलेला पेनड्राइव्ह विंडोजला वाचता येईलच असं नसतं. वाचता आला नाही की विंडोज गप्प बसत नाही. अदबीने विचारतं, 'ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल. करायची का?' मी चहा घेऊन बाहेर आलो तर चेअरमन समाधानाने मागे टेकून बसलेले.

"परवानगी मागत होता. देऊन टाकली."

व्हेनेसाला पुन्हा लिहिलं.

आता खरी गंमत. पेनड्राइव्हवरून सुरू करायचं तर लॅपटॉप चालू होतानाच्या क्षणभरात एक विशिष्ट बटण दाबावं लागतं. कोणतं, ते कंपनीवर. डेलला एफ१२. एचपीला एस्केप आणि मग एफ९. असूसला बहुधा एस्केप. काही लेनोव्होंना तर बाजूला एक बारीक भोक असतं, त्यात टाचणी खुपसायची. जगातल्या सगळ्या कंपन्यांनी एकत्र बसून यूएसबी एक केली, चार्जर एक करत आणला. पण या बटणावर कोणाचं एकमत होऊ शकलं नाही. आमच्या लॅपटॉपचं बटण कोणतं ते कोणालाच आठवेना, आणि खोक्यासोबत आलेलं पुस्तक मागच्या दिवाळीत रद्दीत गेलेलं. तेव्हा चेअरमन एफ२ वर, मी एफ१२ वर आणि काका डिलीटवर, अशी कामाची वाटणी झाली. "चालू!" म्हटलं की तिघांनी आपापलं बटण कुटायचं. एवढ्या-एवढ्याशा की-बोर्डावर तीन ज्येष्ठ नागरिकांचे सहा हात. समोरच्या बिल्डिंगमधली एक मुलगी खिडकीत उभी राहून मोबाइलवर शूटिंग करत होती, असं मला नंतर कळलं.

पडदा उजळला. विंडोज. सुप्रभात.

"बंद करा नीट आणि परत," काका म्हणाले.

इथे एक भानगड आहे. २०१२ साली विंडोज ८ आलं तेव्हापासून विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आहे. तुम्ही 'शट डाउन' म्हटलंत की ते सगळं आवरल्यासारखं करतं, पण आतला मुख्य भाग डिस्कवर तसाच लिहून ठेवून झोपी जातं, म्हणजे सकाळी उठायला वेळ नको. पूर्ण बंद व्हायला हवं असेल तर 'रीस्टार्ट' म्हणायचं. थोडक्यात, 'बंद हो' म्हटलं तर ते बंद होत नाही आणि 'परत चालू हो' म्हटलं की बंद होतं. चेअरमनना यात काहीच नवल वाटलं नाही. खात्यात फायली अशाच बंद व्हायच्या, म्हणाले.

रीस्टार्टच्या वाटेने आम्ही शेवटी त्या निळसर पडद्याच्या आत पोचलो, जिथे माउस चालत नाही. तिथे 'बूट ऑर्डर' असते: लॅपटॉपने चालू झाल्यावर कोणाकडे आधी जायचं, त्याची यादी. ही यादी वाचताना मला थेट लग्नातली मानाची पंगत दिसू लागली. पहिल्या पाटावर विंडोज बूट मॅनेजर, फेटा बांधून. दुसऱ्यावर नेटवर्क, जे जेवायला येणारच नाही हे सगळ्यांना माहीत आहे, पण पाट रिकामा ठेवला नाही तर राग धरेल. मग हे, मग ते, आणि अगदी शेवटी, पत्रावळी संपल्या तर बघू अशा जागी, यूएसबी. आम्ही त्याला उचलून पहिल्या पाटावर बसवलं. बसवलं की यादी जतन करायला एफ१० दाबायचं असतं. काकांनी एस्केप दाबलं. 'बदल न जतन करता बाहेर पडायचं का?' असं विचारल्यावर 'हो' म्हणाले. विंडोजने पुन्हा फेटा बांधला.

नंतर एफ१० दाबलं. पडदा काळा झाला. सगळे पुढे सरकले. आणि अक्षरं उमटली. इंग्रजीत होती, पण मतलब स्वच्छ: काहीतरी गंभीर चुकलंय, सुरक्षा धोरणाचा भंग.

"पोलीस येणार का?" आतून आवाज आला.

भाच्याला फोन. त्याने सांगितलं ते मला फार आवडलं. 'सिक्युअर बूट' म्हणून एक पहारेकरी आहे. ज्याच्याकडे सही-शिक्क्याचा कागद असेल त्यालाच तो आत सोडतो. बहुतेक मशिनांत हा शिक्का कोणाचा चालतो? मायक्रोसॉफ्टचा. म्हणजे विंडोज काढून लिनक्स घालायचं तर त्या लिनक्सवर मायक्रोसॉफ्टची सही हवी! आणि ती व्हेनेसाकडे होती. पण ऑगस्ट २०२४ च्या एका विंडोज अपडेटने जुन्या सह्यांपैकी बऱ्याच रद्द केल्या आणि अनेक जुने लिनक्सचे पेनड्राइव्ह दारातच अडले. भाच्याने 'जुन्या मशिनला जुनंच बरं' म्हणून दिलेली व्हेनेसा त्यात सापडली.

"मग आता?"

"सिक्युअर बूट बंद कर, मामा."

"पहारेकरी काढा म्हणतोय," मी चेअरमनना सांगितलं.

"वॉचमनचा विषय मीटिंगमध्ये घ्यावा लागेल," चेअरमन म्हणाले.

तोवर लॅपटॉप सुरू होत नाही ही बातमी चारही विंग्जमध्ये गेली होती. प्रत्येक जण येताना आपला एकेक उपाय घेऊन येत होता. एकाने पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून धरायला सांगितलं, त्याने आतली वीज उतरते म्हणे. एकाने यूएसबीच्या भोकात फुंकर मारली. एक जण म्हणाला, आधी काय केलं होतंत? मी म्हटलं, काही नाही. तो हसला. हे हसू मी ओळखतो. मी स्वतः ते दुसऱ्यांच्या टीव्हीपुढे हसत आलोय. पडद्यावर जे लिहून येत होतं ते मात्र एकानेही वाचलं नाही. तीन ओळींचा मजकूर आला की माणसं लगेच एकमेकांकडे बघायला लागतात.

पेनड्राइव्ह काढून घालण्यात तर दिवस गेला. ती चपटी यूएसबी सरळ घातली की बसत नाही, उलटी केली की बसत नाही, पुन्हा सरळ केली की बसते. यूएसबी १९९६ साली आली. ती घडवणाऱ्यांत इंटेलचे अजय भट्ट होते, बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात शिकलेले. दोन्ही बाजूंनी बसणारी केली असती तर तारा आणि सर्किटं दुप्पट लागली असती, खर्च वाढला असता, असं त्यांनीच पुढे सांगितलंय. काटकसर म्हणून मला त्यांचं पटतं. खजिनदारालाही पटलं. काकांचं मत वेगळं होतं. "निळ्या भोकात घालू नका, काळ्यात घाला. निळं वेगवान असतं. वेग तिथे अपघात."

पडद्यावर मग एक नवीच ओळ आली: स्टार्ट पीएक्सई ओव्हर आयपीव्ही४. पेनड्राइव्ह मिळाला नाही म्हणून लॅपटॉप आता नेटवर्कवर शोध घेत होता, कोणी दूरचा सर्व्हर आपल्याला ऑपरेटिंग सिस्टिम पाठवून देईल का. समोर व्हेनेसा खोचलेली, आणि हा जगभर विचारत होता. चारवर कोणी मिळालं नाही म्हणून आयपीव्ही६ वर गेला.

शेवटी एका संध्याकाळी सगळं एकदम घडलं. मी सिक्युअर बूट बंद केलं. पेनड्राइव्ह शिफारशीच्या पद्धतीने पुन्हा लिहिला, चेअरमन बघत नसताना. चेअरमननी तीस सेकंद बटण धरून आतली वीज उतरवली. काकांनी पेनड्राइव्ह निळ्यातून काढून काळ्यात घातला. बायकोने टेबलावरून फडकं फिरवलं आणि त्यात वायरलेस माउसचा तो बारीक डोंगल निघून आला. भाचा फोनवर म्हणत होता, "आता कर." केलं. पडदा काळा, पुन्हा काळा, मग मधोमध मिंटचं चिन्ह, आणि झक्क डेस्कटॉप उघडला. हॉलमध्ये टाळ्या झाल्या. सभासदांनी माझ्या घरी टाळ्या वाजवल्याचा हा एकमेव प्रसंग.

आणि लगेच वाद सुरू झाला. वीज उतरवल्यामुळे झालं. काळ्या भोकामुळे झालं. पहारेकरी काढल्यामुळे झालं. मी गुपचूप लिहिलेल्या पेनड्राइव्हबद्दल बोललो नाही, त्यामुळे त्याचं श्रेय डीडी पद्धतीकडे गेलं. बायको म्हणाली, मी फक्त फडकं मारलं. तर फुंकरवाले म्हणाले, तेच तर मी सांगत होतो. इतिवृत्तात शेवटी 'सर्व सभासदांच्या सहकार्याने' असं लिहिलं.

डेस्कटॉपवर एक चिन्ह होतं: इन्स्टॉल लिनक्स मिंट. ते दाबलं. भाषा विचारली, की-बोर्ड विचारला, आणि मग एक स्वच्छ पान आलं. डिस्क पुसून लिनक्स बसवू का? खाली सूचना: तुमचे सर्व प्रोग्राम, कागदपत्रं, फोटो आणि सगळ्या ऑपरेटिंग सिस्टिममधल्या सगळ्या फायली जातील.

त्या डिस्कवर सोसायटीचा सगळा जमाखर्च, नोटिसा आणि थकबाकीदारांची अद्ययावत यादी.

इतका वेळ ज्यांना गप्प बसवणं कठीण होतं त्या हॉलमध्ये पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. फुंकरवाल्यांना पाणी यायची वेळ आठवली. तीस सेकंदवाले मोबाइल बघू लागले. "मामा, आवाज तुटतोय," भाचा म्हणाला आणि ठेवला. चेअरमन म्हणाले, "निर्णय सेक्रेटरींनी घ्यावा. मी आहेच पाठीशी," आणि खरोखरच माझ्या पाठीमागे, खुर्चीच्या आड, जाऊन उभे राहिले.

एकटे काका पुढे आले.

"बिनधास्त पुसा."

"काका, त्यात तुमची..."

"सोसायटीच्या भल्यासाठी सांगतोय. नवी सुरुवात करा. एंटर मारा. मी मारू का?"

मी की-बोर्ड उचलून मांडीवर घेतला. आता बाहेरचा की-बोर्ड असता तर ते शोभलं असतं. लॅपटॉपचा उचलला म्हणजे लॅपटॉपच मांडीवर आला आणि पिनेची वायर ताणली गेली. बायकोने झडप घालून प्लग धरला, म्हणून हा लेख लिहिता येतोय.

दुसरा एक पर्याय होता, विंडोजच्या शेजारी लिनक्स बसवा. "एका जागेत दोन बिऱ्हाडं?" चेअरमन म्हणाले. "पोटभाडेकरू ठेवायला उपविधी परवानगी देत नाहीत." मग बॅकअप घ्या, असं कोणीतरी म्हणालं. बॅकअपसाठी बाहेरची हार्डडिस्क घ्यायचा ठराव मंजूरच आहे; तीन कोटेशनं लागतात, दोन आलीत. क्लाउडवर ठेवू म्हटलं तर चेअरमन म्हणाले, "ढगात? गच्चीची गळती थांबवा आधी."

तेव्हा सध्या असं चाललंय. मिंटची एक सोय अशी आहे की ते न बसवताही, नुसतं पेनड्राइव्हवरून चालतं. सोसायटीचा कारभार गेले काही महिने त्या पेनड्राइव्हवर आहे. एकच त्रास: लॅपटॉप बंद केला की त्याला काहीच आठवत नाही. रोज सकाळी वायफायचा पासवर्ड सांगायचा, घड्याळ लावायचं, मराठी की-बोर्ड दाखवायचा. आत डिस्कवरच्या विंडोजच्या फायली मात्र दिसतात. पण ते विंडोज अजून त्याच्या अर्धवट झोपेत आहे, त्यामुळे लिनक्स ती डिस्क फक्त वाचू देतं, त्यात काही बदलू देत नाही. काकांची थकबाकी मी रोज बघू शकतो. खोडू शकत नाही, वाढवूही शकत नाही. नोटिसा जुन्या श्रीलिपी फॉन्टात असल्यामुळे त्या इथे उघडल्या की टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं दिसतात. तशीच एक छापून काकांना पाठवली. त्यांनी परत आणून दिली. वाचता येत नाही, तर भरू कशी, म्हणाले.

पेनड्राइव्हवर 'हात लावू नये' अशी चिठ्ठी डकवली आहे. खजिनदार जिन्यात भेटला की विचारतो, "काय, झालं का लिनक्स?"

"चालू आहे," मी सांगतो.